आधी कूलर, मग दिवे

दौंड तालुक्यातल्या राहूत आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर मी संगणक जोडून देतो, बिघडलेले दुरुस्त करतो. या कामात मला सगळ्यात जास्त संताप येतो तो एकाच गोष्टीचा. साठ-सत्तर हजारांचं यंत्र, आणि त्यातल्या प्रोसेसरच्या डोक्यावर तीन-चारशे रुपयांचा कूलर! बाप उसाच्या बिलातून पैसे बाजूला काढतो, पोराला घेऊन पुण्याला जातो. दुकानात त्यांना काचेची पेटी दाखवतात, रंग बदलणारे पंखे दाखवतात, ग्राफिक्स कार्डाचा भलामोठा खोका दाखवतात. प्रोसेसरवर काय बसवलंय ते कुणी दाखवत नाही. बजेट संपत आलं की जी वस्तू सगळ्यात स्वस्तात उरकली जाते, ती हीच. मार्च सरला की ते यंत्र माझ्या टेबलावर येतं आणि तक्रार ठरलेली असते: "दादा, एक्स्पोर्टला लावलं की नुसतं घोंगावतं, आणि मग रडत रडत चालतं."

रडणारच. ज्यानं ते जोडलं त्यानं राहूचा उन्हाळा हिशोबात धरलेलाच नव्हता. आणि हे अज्ञानातून होतं असं मी मानत नाही. रोज दहा यंत्रं जोडणाऱ्या माणसाला कूलरचा अर्थ कळतो. गिऱ्हाईक खेड्यातलं आहे, परत भांडायला येणार नाही, हेही त्याला कळतं. म्हणून याला मी फसवणूकच म्हणतो.

आधी मुद्दा समजून घ्या, कारण तो समजला की कुणी फसवू शकत नाही. प्रोसेसरचा कूलर गारवा तयार करत नाही. प्रोसेसरमधली उष्णता उचलायची आणि खोलीतल्या हवेत टाकायची, एवढंच त्याचं काम. त्यामुळे कूलर पाचशेचा असो की पंधरा हजारांचा, खोलीच्या हवेपेक्षा प्रोसेसर गार होणार नाही. एखादा कूलर पूर्ण भारावर प्रोसेसरला खोलीपेक्षा 50 अंश वर ठेवत असेल, तर 22 अंशांच्या एसी खोलीत आकडा 72 दिसतो आणि बघणारा खूश होतो. तोच प्रोसेसर, तोच कूलर एप्रिलच्या दुपारी पत्र्याखालच्या 40 अंशांच्या खोलीत ठेवा. आकडा 90. साधी बेरीज आहे. एएमडीच्या रायझन 7000 मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरची मर्यादा 95 अंश, इंटेलच्या बाराव्या पिढीची 100. कूलर याहून लहान असेल तर आकडा या मर्यादेला टेकतो, आणि टेकला की प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो. पैसे तुम्ही पूर्ण वेगाचे मोजलेत, आणि ऐन उन्हाळ्यात वापरता मात्र कापलेला वेग.

चाचण्या करणारी मंडळी हे आकडे थंड खोलीत मोजतात. त्यातले प्रामाणिक लोक खोलीचं तापमान सांगतात, किंवा खोलीपेक्षा किती अंश वर गेला तेवढंच देतात. दुकानदार त्यातला नुसता 72 उचलतो आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर फेकतो.

"गावाकडं कशाला लागतोय एवढा कूलर?" हे वाक्य मी पुण्यातल्या एका काउंटरवर माझ्या कानांनी ऐकलं आहे. ज्याला उद्देशून ते होतं तो पोरगा गप्प बसला. मी त्याचं उत्तर देतो. शहरातल्या कचेरीतलं यंत्र दिवसभर एसीत बसतं आणि त्यावर एक्सेलचा तक्ता उघडलेला असतो. राहू बेटातल्या पोराच्या यंत्रावर लग्नाचं तीन-चार कॅमेऱ्यांचं आणि वर ड्रोनचं चित्रीकरण येतं. बैलगाडा शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयानं 18 मे 2023 रोजी वैध ठरवला. तेव्हापासून दौंड, शिरूर, खेडच्या घाटांतल्या शर्यतींचे व्हिडिओ आज चित्रित होऊन उद्या सकाळी लोकांच्या मोबाइलवर हवे असतात. फ्लेक्सवाले आहेत, जत्रेचे फोटो-व्हिडिओवाले आहेत, कोडिंग शिकणारी मुलं आहेत. फोर-के चित्रफीत बाहेर काढताना प्रोसेसरचा प्रत्येक कोर तासन् तास पूर्ण जोरात पळत असतो. आणि लगीनसराई, जत्रा, शर्यती हे सगळं कधी असतं? मार्च ते मे. म्हणजे सगळ्यात जड काम आणि सगळ्यात कडक ऊन एकाच वेळी. या पोराला पुण्याच्या कचेरीपेक्षा मोठा कूलर लागतो. त्याला सगळ्यात लहान कूलर देणारा माणूस त्याच्या पोटावर पाय देतो.

खोक्यावरच्या वॅटच्या आकड्यानंही असंच गंडवलं जातं. 1993 साली पेंटियम आला तेव्हा तो पंधरा-सोळा वॅट खायचा. 2023 च्या कोअर आय-नाइन 14900 के ची कमाल मर्यादा 253 वॅट आहे. मधल्या काळात उष्णतेनं इंटेललाही गुडघे टेकायला लावले. 2004 मध्ये पेंटियम 4 च्या पुढचा 'तेजस' नावाचा प्रोसेसर बाजारात येण्याआधीच रद्द करावा लागला, आणि त्यामागं उष्णता हे मोठं कारण होतं. जिथं कंपनी हरली तिथं तीनशे रुपयांची ॲल्युमिनियमची चकती जिंकेल, असं कोण सांगतो? कोअर आय-फाइव्ह 12400 वर '65 वॅट' हा आकडा दाखवून दुकानदार लहान कूलर खपवतो. त्याच माहितीत कमाल टर्बोचा आकडा 117 वॅट आहे, तो सांगत नाही. रायझन 5 5600 चंही तसंच. त्याच्यावर 65 लिहिलंय, पण सॉकेटमधून तो त्याहून जास्त ओढू शकतो. त्याच्या खोक्यात येणारा रेथ स्टेल्थ कूलर सबंध ॲल्युमिनियमचा आहे, त्यात एकही हीट पाइप नाही. थंड खोलीत, हलक्या कामाला तो चालतो. आपल्या पत्र्याखाली, रेंडरिंगला नाही चालत.

हीट पाइप हे टॉवर कूलरचं, म्हणजे नळ्यांवर पात्यांचा मनोरा असलेल्या कूलरचं, काळीज आहे, म्हणून त्याबद्दल दोन शब्द जास्त लिहितो. तांब्याची बंद नळी असते. आत थोडंसं पाणी आणि भिंतीला सच्छिद्र अस्तर. आत निर्वात केलेलं असल्यामुळं ते पाणी कमी तापमानालाच उकळतं. प्रोसेसरच्या बाजूला त्याची वाफ होते, ती वाफ वर पात्यांकडे धावते, तिथं उष्णता सोडून पुन्हा पाणी होते आणि अस्तरातून झिरपत खाली येते. मोटर नाही, वीज नाही, आवाज नाही. 1963 साली अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ही नळी विकसित केली. साठ वर्षं झाली, तिच्यापेक्षा भरवशाचं काही घरगुती संगणकात आलेलं नाही. तेव्हा 'लिक्विड'ची एवढी हौस असेल तर ऐका. दोन हजारांच्या टॉवर कूलरमध्ये लिक्विड आधीच आहे, आणि ते पंपाशिवाय फिरतं.

आता त्या पंपवाल्या लिक्विडकडे येतो, कारण सध्या सगळ्यात मोठी लूट तिथं चालली आहे. "लिक्विड घ्या भाऊ, बर्फासारखं गार राहतं" म्हणून सात-आठ हजार काढून घेतात. बर्फासारखं काहीही राहत नाही. त्यातलं पाणी प्रोसेसरची उष्णता रेडिएटरपर्यंत नेतं, आणि रेडिएटर ती पुन्हा त्याच 40 अंशांच्या हवेत टाकतो. बेरीज बदलत नाही. वर चोवीस तास फिरणारा पंप आला, रबराच्या नळ्या आल्या. त्या नळ्यांमधून पाणी वर्षानुवर्षं सूक्ष्म प्रमाणात उडत राहतं, आणि बहुतेक नमुन्यांत ते पुन्हा भरायची सोय नसते. पंप बंद पडला की सगळा खेळ संपला. मग वॉरंटीसाठी ते धूड खोक्यात घालून पुण्याला पाठवा आणि लगीनसराई संपेपर्यंत वाट बघा. टॉवर कूलरचा पंखा गेला तर दुसरा 120 मिलिमीटरचा पंखा कुठूनही आणून त्याच क्लिपांनी अडकवता येतो. तांबं आणि ॲल्युमिनियम बिघडत नाही.

यापेक्षा मोठी खोट कुणी बोलूनच दाखवत नाही. प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग मदरबोर्डवर सॉकेटच्या कडेलाच असतात आणि तेही भाजून निघतात. हवेच्या कूलरचा वारा येता-जाता त्यांना लागतो. लिक्विड बसवलं की सॉकेटजवळचा पंखाच जातो. आपल्याकडची यंत्रं एच 610, ए 520 असल्या स्वस्त बोर्डांवर उभी असतात. त्यातल्या पुष्कळांवर त्या भागांना धड हीटसिंकसुद्धा नसतो. म्हणजे प्रोसेसरचा आकडा पडद्यावर छान दिसतो आणि शेजारी बोर्ड करपत असतो. कपॅसिटरचं तापमान दर 10 अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. दोन उन्हाळ्यांत बोर्ड गेला की दुकानदार म्हणतो, "तुमच्याकडं लाइटचा प्रॉब्लेम असेल."

पाण्यानं गार करणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. पुण्यात आयसरमध्ये 2019 साली बसवलेला 'परम ब्रह्म' महासंगणक चिपपर्यंत द्रव नेऊनच गार ठेवला जातो. तिथं ते योग्यच आहे. एका दालनात शेकडो प्रोसेसर आहेत, बाहेर उष्णता फेकायची वेगळी यंत्रणा आहे आणि देखभालीला माणसं आहेत. राहूच्या खोलीत यातलं काही नाही. तिथल्या इंजिनिअरांनी ज्या कारणासाठी पाणी निवडलं, त्याच कारणासाठी आपण हवा निवडायची: जागा बघून.

आणि आपली जागा काय आहे? दौंड तालुका गुऱ्हाळांचा. चुलवाण पेटलं की चिपाडाची राख आणि काजळी वाऱ्यावर येते. काही ठिकाणी चुलवाणात रबर, प्लास्टिक, जुन्या चपला टाकतात अशी तक्रारही इथं जुनी आहे. तो धूर माणसाच्या छातीत जातो हे आधी थांबलं पाहिजे. पण तोच संगणकातही जातो. हंगामात उघडलेल्या यंत्रात मला नुसती धूळ सापडत नाही. काळा, चिकट थर सापडतो. पंख्याच्या पात्यांवर, हीटसिंकच्या फटींत तो बसतो आणि झटकून जात नाही. कूलर निवडताना म्हणूनच पात्यांमधली फट बघा. दाट पात्यांचा कूलर चाचणीत एक-दोन अंशांनी पुढं असेल, पण आपल्याकडे तो महिन्याभरात तुंबतो. लिक्विडच्या रेडिएटरच्या बारीक जाळीचं तर विचारूच नका.

भीमेपलीकडं, शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीत एलजी आणि व्हर्लपूलचे कारखाने आहेत. फ्रिज, एसी तिथं बनतात. आपल्या भागातली कितीतरी पोरं तिथं कामाला जातात. कंडेन्सरची जाळी तुंबली की एसी गार करत नाही, हे त्यांना दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. तीच पोरं घरी येऊन समोरून काचबंद असलेली पेटी विकत घेतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कितीही चांगला कूलर काचेच्या पेटीत कोंडणं म्हणजे साडेसात अश्वशक्तीची मोटर विहिरीवर बसवून पुढं अर्धा इंची नळी जोडणं. पेटीच्या तोंडाला जाळी हवी. जाळीमागं दोन पंखे हवा आत ओढणारे, मागं एक बाहेर फेकणारा. आत येणारी हवा जास्त असली की फटीफटींतून धूळ ओढली जात नाही, ती गाळणीवर अडते. काढून धुता येणारी गाळणी नसेल तर बारीक नायलॉनची जाळी कापून चुंबकी पट्टीनं लावा. काचेवर आणि दिव्यांवर जेवढा पैसा जातो तेवढ्यात हे सगळं होऊन वर पैसे उरतात.

कुठला कूलर घ्यायचा ते आता थेट सांगतो. 12400 किंवा 5600 च्या तोलाचा प्रोसेसर असेल तर चार हीट पाइप आणि 120 मिलिमीटर पंखा असलेला एका टॉवरचा कूलर: डीपकूलचा एजी 400 किंवा एके 400, कूलर मास्टरचा हायपर 212. त्याखाली उतरायचं नाही. ग्राफिक्स कार्ड एक पायरी खालचं घ्या, पण हे घ्याच. आय-सेव्हन किंवा रायझन 7 वर रेंडरिंग करणार असाल तर दोन टॉवर आणि सहा पाइपवाला, उदाहरणार्थ थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन 120 एसई. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआचा एनएच-डी 15 उत्तम आहे यात शंका नाही, पण त्याच्या किमतीत आपल्याकडं मदरबोर्ड येतो. आणि 253 वॅटचा आय-नाइन पत्र्याखाली कुणी घेऊच नये, मग कूलर कुठलाही असो.

घेण्याआधी टेप लावा. एके 400 आणि पीअरलेस असॅसिन 155 मिलिमीटर उंच आहेत, हायपर 212 इव्हो 159, एनएच-डी 15 तर 165. स्वस्त पेटीत एवढी उंची मावत नाही आणि झाकण लागत नाही. इंटेलच्या 1200 सॉकेटची भोकं 75 मिलिमीटरवर होती, 1700 ची 78 वर. जुना कूलर "बसतो हो" म्हणून कुणी दिला तर घेऊ नका. एएमडीच्या एएम 4 सॉकेटचे बहुतेक कूलर एएम 5 ला चालतात, ते चांगलं केलंय. पंख्याला चार पिनांची जोडणी हवी, म्हणजे बोर्ड त्याचा वेग ठरवू शकतो. साध्या स्लीव्ह बेअरिंगचं तेल उष्णतेत लवकर वाळतं, तेव्हा फ्लुइड बेअरिंगचा पंखा बघा.

बसवण्यातला हलगर्जीपणा तर माफ करण्यासारखा नाही. कूलरच्या तळाला लावलेली प्लास्टिकची फिल्म न काढताच बसवलेली यंत्रं माझ्याकडं आलेली आहेत. त्या फिल्मवर मोठ्या अक्षरांत 'काढून टाका' असं छापलेलं असतं! इंटेलच्या खोक्यातल्या कूलरच्या चार प्लास्टिकच्या खिट्ट्यांपैकी एक नीट बसलेली नसते, रस्त्यावरच्या हादऱ्यांनी ती सुटते, आणि राहूला येईपर्यंत कूलर एका बाजूनं उचललेला असतो. बिलात 'असेम्ब्ली चार्ज' मात्र पूर्ण लावलेला. मागून पट्टी देऊन स्क्रूनं आवळला जाणारा कूलर घेण्याचं हेही एक मोठं कारण आहे. थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरते, आणि आपल्या उन्हाळ्यात ती दोन-तीन वर्षांनी बदलावी.

पुढचं काम तुमचं. गुऱ्हाळाच्या हंगामात महिन्यातून एकदा गाळणी धुवा, पात्यांवर ब्रश फिरवा. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगानं फिरून बेअरिंग जातं. पंक्चरवाल्याच्या काँप्रेसरची हवा मारू नका, तिच्यात पाणी असतं. पेटी जमिनीवर, टेबलाखालच्या बंद खणात ठेवू नका. कोरड्या एप्रिलमध्ये डेझर्ट कूलर खोलीचं तापमान चांगलं खाली आणतो, तो जरूर लावा, पण त्याचा ओला झोत थेट पेटीवर नको. आणि बायोसमध्ये जाऊन वॅटची मर्यादा बांधा. रायझन 7000 चे एक्सवाले प्रोसेसर तर भार आला की 95 अंशांपर्यंत चढायलाच बनवले आहेत. त्यांना इको मोड लावला की कामाचा वेग थोडासा घटतो आणि उष्णता खूप घटते. ही सोय फुकट आहे. दुकानदार ती सांगत नाही, कारण तिच्यात त्याला काही सुटत नाही.

यंत्र आणायला पुण्याला जाल तेव्हा एवढं करा. पैसे देण्याआधी पेटी उघडायला लावा. कूलरचं नाव बिलावर लिहून घ्या. मग अर्धा तास पूर्ण भार देऊन तापमान दाखवायला सांगा, एक्सवाला रायझन असेल तर इको मोड लावून. दुकानातला एसी 22 वर असेल, तर दिसणाऱ्या आकड्यात राहूच्या उन्हाळ्याचे 18 अंश मिळवा. बेरीज नव्वदच्या वर गेली तर कूलर बदलून मागा. दुकानदार कुरकुर करू लागला तर पैसे खिशात ठेवा आणि दुसऱ्या दुकानात जा.